एका बॅटरपुरतं बोलावणं

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये सर्वांत जास्त सामन्यांत चेंडू कुणी टाकले, असं विचारलं की या खेळावर जीव टाकणारी माणसंही जरा थबकतात. होम रनचे आकडे त्यांना तोंडपाठ असतात, पण इथे आधी विचार करावा लागतो. मग कुणी मारियानो रिव्हेराचं नाव घेतं, कुणी हॉइट विल्हेल्मचं. उत्तर आहे जेसी ओरोस्को. 1979 ते 2003 या काळात चोवीस हंगाम आणि 1252 सामने. त्यातल्या फक्त चार सामन्यांत त्याने पहिला चेंडू टाकला. बाकी 1248 वेळा तो मधेच आला, कुणाच्या तरी जागी.

चेंडू टाकणारा तो पिचर, आणि असा मधेच येणारा पिचर म्हणजे रिलीव्हर. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या माणसाला हे काम समजायला वेळ लागतो, मलाही लागला. आपल्याकडे बोलरला एका टोकाकडून काढलं तरी तो तासाभराने दुसऱ्या टोकाकडून परत येऊ शकतो. बेसबॉलमध्ये मैदानाबाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यापुरता संपला. त्यामुळे मॅनेजर पिचर बदलतो तेव्हा त्याच्या हातातलं एक पान कायमचं खाली पडतं. कुणाला कधी आणायचं, कुणासमोर आणायचं आणि कुणाला राखून ठेवायचं हा हिशेब नऊपैकी शेवटच्या तीन इनिंगमध्ये इतका चालतो की सामना तिथेच ठरतो असं वाटायला लागतं. या हिशेबात ओरोस्कोने निम्मं आयुष्य काढलं. त्याची कारकीर्द मला इतरांपेक्षा जवळची वाटते, कारण तिच्यात मोठेपणा हळूहळू लहान होत गेला आणि तो माणूस त्या लहान होत जाणाऱ्या कामात अधिकाधिक तरबेज होत गेला.

त्याचा जन्म 1957 चा, कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बराचा. उजव्या हाताने चेंडू टाकणारे ढिगाने मिळतात, डावखुरे कमी, आणि ओरोस्को डावखुरा. मिनेसोटा ट्विन्सने त्याला 1978 साली निवडलं, पण त्यांच्या मुख्य संघात तो खेळला नाही. न्यूयॉर्क मेट्सने आपला जुना, नावाजलेला डावखुरा पिचर जेरी कूझमन मिनेसोटाला दिला आणि त्या व्यवहारात पुढे हा पोरगा न्यूयॉर्कला आला.

इथून योगायोगांची अशी साखळी सुरू होते की कथेत कुणी लिहिली तर संपादक खोडून टाकेल. मेट्सनी पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद ठरवणारी शेवटची मालिका, जिंकली 1969 साली. त्या मालिकेत बाल्टिमोरचा शेवटचा बळी कूझमनच्या चेंडूवर पडला, आणि झेल देऊन बाद झालेला बॅटर होता डेव्ही जॉन्सन. सतरा वर्षांनी मेट्सनी दुसऱ्यांदा सिरीज जिंकली तेव्हा त्यांचा मॅनेजर होता हाच डेव्ही जॉन्सन, आणि शेवटचा बळी घेतला कूझमनच्या बदल्यात आलेल्या ओरोस्कोने. आता ओरोस्कोचा पहिला सामना बघा. 5 एप्रिल 1979, शिकागोचं रिग्ली फील्ड. मेट्स 10-6 ने पुढे, नववी इनिंग, दोन बाद. नवख्या पोराला बोलावलं ते एका डावखुऱ्या बॅटरसाठी. त्याने चेंडू उंच मारला, झेल गेला, सामना संपला. तो बॅटर होता बिल बकनर. 1986 च्या सिरीजमध्ये मेट्सविरुद्ध बॉस्टनकडून खेळताना ज्याच्या पायांमधून चेंडू निसटला आणि ज्याला बॉस्टनने वर्षानुवर्षं क्षमा केली नाही, तोच बकनर.

म्हणजे पहिल्या दिवशी त्याच्या वाट्याला एकच बॅटर आला होता, तोही डावखुरा. पुढे उतारवयात हेच त्याचं रोजचं काम होणार होतं.

मधली वर्षं मात्र भरगच्च होती. 1983 मध्ये त्याने 62 सामन्यांत 110 इनिंग टाकल्या, 13 विजय त्याच्या नावावर लागले, आणि 17 सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन 17 वेळा आघाडी राखली. नऊ इनिंगमागे पिचर सरासरी किती धावा देतो ते सांगणारा आकडा म्हणजे ईआरए, तो होता 1.47. तीनच्या खाली असला तरी लोक कौतुक करतात. त्या वर्षी सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला. पुढच्या वर्षी 31 सेव्ह. त्याचं हत्यार होतं स्लायडर. हा चेंडू फास्टबॉलसारखा निघतो आणि शेवटच्या क्षणी आडवा सरकून खाली बसतो. डावखुऱ्या हातातून आलेला स्लायडर डावखुऱ्या बॅटरपासून दूर पळतो, आणि तो निघतो बॅटरच्या जणू पाठीमागून. दिसतो उशिरा, पळतो लांब. आपल्याकडे बॅट्समन बाहेर वळणाऱ्या चेंडूसमोर चाचपडतो ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

1986 बद्दल बोलायचं तर लोक ऑक्टोबरपासून सुरुवात करतात. मी जुलैपासून करते. 22 जुलैला सिनसिनाटीत मेट्सचा सामना दहाव्या इनिंगमध्ये हातघाईवर आला. रे नाइट आणि एरिक डेव्हिस तिसऱ्या बेसवर एकमेकांना भिडले, दोन्ही संघ मैदानात धावले, आणि धूळ बसली तेव्हा खेळाडू बाहेर काढले गेल्यामुळे जॉन्सनकडे माणसंच उरली नव्हती. एरवी बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा कॅचर गॅरी कार्टर तिसऱ्या बेसवर जाऊन उभा राहिला. मग जॉन्सनने जे केलं ते मला या खेळातल्या सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतं. त्याच्याकडे दोन रिलीव्हर होते, उजवा रॉजर मॅकडॉवेल आणि डावरा ओरोस्को. एकाला काढलं तर तो कायमचा गेला. म्हणून त्याने कुणालाच काढलं नाही. डावरा बॅटर आला की ओरोस्को चेंडू टाकणार आणि मॅकडॉवेल आउटफिल्डमध्ये जाणार, उजवा आला की अदलाबदल. ज्यांना एरवी कुंपणाच्या अलीकडे कुणी बोलवत नाही असे दोघे रिलीव्हर मैदानभर फिरत राहिले. चौदाव्या इनिंगमध्ये हॉवर्ड जॉन्सनने होम रन मारला आणि मेट्स 6-3 ने जिंकले.

ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनविरुद्धची लीग फायनल, म्हणजे वर्ल्ड सिरीजच्या आधीची मालिका, आली. सहावा सामना ॲस्ट्रोडोममध्ये. मेट्स मालिकेत 3-2 ने पुढे होते, पण पुढे असल्याचं समाधान कुणालाच नव्हतं. सातवा सामना झाला असता तर ह्यूस्टनकडून माइक स्कॉट उतरला असता, आणि त्याने मेट्सना त्याच मालिकेत दोनदा हरवलं होतं. आजच संपवायला हवं, हे प्रत्येकाच्या मनात होतं. सामना नऊ इनिंगमध्ये संपला नाही. चौदाव्यात मेट्सनी एक धाव काढली, ओरोस्को ती राखायला आला आणि बिली हॅचरने त्याला होम रन मारून बरोबरी केली.

या जागी मी नेहमी थांबते. क्लोजरचं काम म्हणजे आघाडी राखणं, आणि ती त्याने गमावली होती. एरवी अशा वेळी पिचर बदलतात. ओरोस्को पंधराव्या इनिंगमध्येही आला, सोळाव्यातही आला. सोळाव्यात मेट्सनी तीन धावा काढून 7-4 केलं. ह्यूस्टनने त्यातल्या दोन परत घेतल्या. 7-6, दोन बाद, दोन जण बेसवर, समोर केविन बास. तिसरी इनिंग टाकणाऱ्या रिलीव्हरच्या खांद्यात त्या वेळी काय उरलेलं असतं ते टाकणाऱ्यालाच ठाऊक. त्याने बासला स्ट्राइक आउट केलं. मालिकेतल्या मेट्सच्या चार विजयांपैकी तीन त्याच्या नावावर लागले. एकाच पोस्टसीझन मालिकेत एखाद्या रिलीव्हरने तीन सामने जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

आणि 27 ऑक्टोबरची रात्र, मेट्सचं शे स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. आठव्या इनिंगमध्ये बॉस्टनने अंतर 6-5 वर आणलं होतं, बरोबरीची धाव काढू शकणारा खेळाडू दुसऱ्या बेसवर उभा होता आणि एकही बाद नव्हता. ओरोस्को आला. समोर आलेल्या सहा बॅटरपैकी एकही बेसवर पोहोचला नाही. मधे त्याने स्वतः बॅट हातात घेऊन, बंट करायचं, म्हणजे बॅट आडवी धरून चेंडू नुसता जवळ टाकायचं, सोंग करून, एक धाव आणणारा फटकाही मारला. रिलीव्हरच्या हातात बॅट फार क्वचित येते. 8-5. शेवटचा बॅटर मार्टी बॅरेट स्ट्राइक आउट झाला तेव्हा ओरोस्कोने हातमोजा उंच आकाशात भिरकावला आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हात वर केले. तो फोटो न्यूयॉर्कमध्ये अजून दुकानांत, बारमध्ये, घरांच्या तळघरांत टांगलेला दिसतो.

पुढच्याच वर्षी त्याला संघाने सोडलं. 1987 च्या डिसेंबरमध्ये तीन संघांच्या देवघेवीतून तो लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेला. तिथे पहिल्याच सरावशिबिरात त्याने नव्या सहकाऱ्याच्या, कर्क गिब्सनच्या, टोपीच्या आतल्या कडेला डोळ्यांखाली लावायचं काळं फासून ठेवलं. गिब्सनच्या कपाळावर काळा पट्टा उमटला आणि तो संतापून सराव सामना सोडून निघून गेला. आपण इथे जिंकायला आलोय, असं त्याने साऱ्या संघाला सुनावलं. त्या संतापाने डॉजर्स ताळ्यावर आले असं पुष्कळ जण मानतात.

त्याच वर्षी लीग फायनलमध्ये डॉजर्ससमोर मेट्स होते. चौथा सामना पुन्हा शे स्टेडियमवर, पुन्हा लांबलेला. बाराव्या इनिंगमध्ये डॉजर्स एका धावेने पुढे होते. तीनही बेस भरलेले, एक बाद, आणि समोर डॅरिल स्ट्रॉबेरी. डावखुरा, जुना सोबती, 1986 चा साथीदार. हे बेस भरण्यात ओरोस्कोचाही हात होता, कारण आधीच्या बॅटरला त्याने चार चेंडू बाहेर टाकून पहिला बेस फुकट दिला होता. पण स्ट्रॉबेरीला त्याने जवळच उंच झेल द्यायला लावलं. मॅनेजर आला, चेंडू मागून घेतला, आणि शेवटच्या बळीसाठी ओरेल हर्शायझर उतरला. हर्शायझरची ती हजेरी आज दंतकथा आहे. स्ट्रॉबेरीचा बळी कुणाला आठवत नाही. माझ्या मते सामना त्या चेंडूवर वाचला. वर्ल्ड सिरीज डॉजर्सनी जिंकली, ओरोस्कोला मात्र त्या सिरीजमध्ये एकदाही बोलावलं गेलं नाही.

मग क्लीव्हलँड, मग मिलवॉकी. क्लोजरची खुर्ची गेली होती, सेव्ह मिळणं जवळपास बंद झालं. या वर्षांवर फार लिहिण्यासारखं नाही. 1995 मध्ये तो बाल्टिमोरला आला तेव्हा 38 वर्षांचा होता.

आम्ही तेव्हा बाल्टिमोरजवळ राहत होतो, आणि मी त्याला प्रत्यक्ष पाहिलं ते तिथे. कॅमडेन यार्ड्सच्या मैदानात डाव्या-मधल्या कुंपणामागे दोन्ही संघांचे बुलपेन, म्हणजे रिलीव्हरांच्या सरावाच्या जागा, एकावर एक, पायरीसारखे बांधले आहेत. कठड्याशी उभं राहिलं की सराव करणारे पिचर हाताच्या अंतरावर दिसतात. मिरजेहून माझे सासरे आले होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. तरुणपणी ते क्लबसाठी डावऱ्या हाताने स्पिन टाकायचे आणि नंतर बरीच वर्षं अंपायरिंग करायचे. सामन्यातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. कठड्याशी नेल्यावर मात्र ते हलेनात.

खाली 47 नंबरचा शर्ट घातलेला उंच, सडपातळ, चाळिशीला टेकलेला माणूस बाकावर बसला होता. भिंतीवरचा फोन वाजला. कुणीतरी ऐकून हातानेच खूण केली. तो उठला, घाई न करता. पहिले काही चेंडू त्याने नुसते हात मोकळा करायला टाकले, कॅचर उभ्यानेच झेलत होता. मग कॅचर खाली बसला आणि आवाज बदलला. मोज्यात चेंडू आदळण्याचा तो कोरडा, खणखणीत आवाज टीव्हीवर येत नाही. नानांनी मला हळूच विचारलं, "ह्याचा हात बघितलास? चेंडू सुटेपर्यंत मुठीत काय आहे ते दाखवतच नाही." मग फोन पुन्हा वाजला आणि ओरोस्को थांबला, जाकीट अंगावर टाकून बसला. मैदानात आधीचाच पिचर अडचणीतून सुटला होता. पुढच्या इनिंगमध्ये पुन्हा उठला, पुन्हा शून्यापासून. कॅचर उभा, मग कॅचर बसलेला, मग स्लायडर. या वेळी कुंपणाचं दार उघडलं.

माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, त्याला नियमाचे आठ सराव चेंडू मिळाले. समोर डावखुरा बॅटर. तीन की चार चेंडूंत त्याने जमिनीलगत फटका मारला आणि तो पहिल्या बेसवर बाद झाला. पुढचा बॅटर उजवा. मॅनेजर डगआउटमधून निघाला, ओरोस्कोने चेंडू त्याच्या हातात ठेवला आणि मान खाली घालून चालत गेला.

"झालं? एवढ्यासाठी?" नाना म्हणाले. मी म्हटलं, "हो, नाना. त्याचं काम एवढंच." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या इनिंगमध्ये म्हणाले, "त्यानं दोनदा हात तापवला, त्यातला एकदाचा कुणी मोजणार नाही. उद्या परत उठेल का?" उद्या परत उठणार होता. परवाही.

हे मोजलं जात नाही ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. 1252 हा आकडा त्याने माउंडवर पाऊल ठेवलं त्या सामन्यांचा. फोन वाजला, हात तापला आणि दार उघडलंच नाही, अशा रात्रींची कुठे नोंद नाही. खांद्याला मात्र त्या रात्रीही तेवढ्याच लागल्या असणार. त्या खांद्याने चोवीस हंगाम ते सोसलं, याचं मला त्या विक्रमापेक्षा जास्त अप्रूप आहे.

बाल्टिमोरमध्ये 1996 आणि 1997 मध्ये त्याचा मॅनेजर होता पुन्हा डेव्ही जॉन्सन. 1997 मध्ये चाळिशी गाठलेल्या ओरोस्कोने 71 सामने खेळले आणि ईआरए होता 2.32. 17 ऑगस्ट 1999 ला त्याने डेनिस एकर्स्लीचा 1071 सामन्यांचा विक्रम मागे टाकला. तो विक्रम एकर्स्लीकडे जेमतेम वर्षभर होता. आधी तो विल्हेल्मकडे होता, 1070 चा.

त्यानंतर माणूस थांबतो. हा थांबला नाही. 1999 च्या अखेरीस बाल्टिमोरने त्याला मेट्सकडे परत पाठवलं. ज्या शहरात त्याचा फोटो भिंतीवर आहे तिथे तो हिवाळाभर कागदोपत्री राहिला, आणि एकही सामना न खेळता मार्चमध्ये सेंट लुइसला दिला गेला. तिथे दुखापतीने वर्ष गेलं, सहाच सामने. त्रेचाळिसाव्या वर्षी कोपराने दगा दिल्यावर घरी बसायला कुणी नावं ठेवली नसती. त्याने पुन्हा डॉजर्सकडून दोन हंगाम काढले. 2003 मध्ये सॅन दिएगो, मग न्यूयॉर्क यँकीज, मग ऑगस्टच्या शेवटी मिनेसोटा. ज्या संघाने पंचवीस वर्षांपूर्वी त्याला निवडून कधी खेळवलं नव्हतं, त्या संघाचा शर्ट त्याने सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा सामन्यात घातला.

ते शेवटचं वर्ष चांगलं गेलं नाही. ईआरए 7.68. पण त्यातला दुसरा आकडा बघा: 65 सामने, इनिंग फक्त 34. 1983 मध्ये जवळपास तेवढ्याच सामन्यांत त्याने 110 इनिंग टाकल्या होत्या. वीस वर्षांत हजेरी तेवढीच राहिली आणि काम तिसऱ्या हिश्शावर आलं. अनेक जण याला उतरण म्हणतात. मला तसं वाटत नाही. वयाने जे नेलं ते त्याने जाऊ दिलं आणि जे उरलं, डावखुऱ्याला डावखुऱ्या हातातून टाकलेला पळता स्लायडर, ते इतकं घासून लख्ख ठेवलं की नऊ संघांना ते हवंसं वाटलं. ज्या माणसाने वर्ल्ड सिरीजचा शेवटचा बळी घेतलाय, त्याने त्यानंतर सतरा वर्षं सातव्या इनिंगमधल्या एका बॅटरसाठी रोज उठायचं, याला लागणारा स्वभाव मला शिखर गाठणाऱ्यांच्या स्वभावापेक्षा दुर्मीळ वाटतो. 2004 साठी त्याने ॲरिझोनाशी करारही केला होता. मग हंगाम सुरू होण्याआधी निवृत्त झाला.

आता हे कामच उरलेलं नाही. 2020 पासून मेजर लीगमध्ये नियम आला: आलेल्या पिचरने निदान तीन बॅटरना चेंडू टाकायचे, किंवा इनिंग तरी संपवायची. सामने फार रेंगाळतात, पिचर बदलण्यात वेळ जातो, अशी तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. पण त्या नियमाने ओरोस्कोसारख्यांचं दार बंद झालं. एका डावखुऱ्यासाठी चाळिशीनंतर कुणाला राखून ठेवण्यात आता अर्थ नाही. यादीत त्याच्या खाली माइक स्टँटन आहे, 1178 सामने. मग जॉन फ्रँको 1119, मग रिव्हेरा 1115. सगळे निवृत्त. हा विक्रम मोडेल असं मला वाटत नाही.

रिव्हेराला 2019 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेताना 425 पैकी 425 मतं पडली, आणि ती योग्यच होती. ओरोस्कोचं नाव 2009 च्या मतपत्रिकेवर आलं होतं. त्या वर्षी 539 जणांनी मतं दिली, त्याला मिळालं एक. त्याला सर्वोच्च मान मिळायला हवा होता असा माझा हट्ट नाही. पण ते एक मत कुणाचं होतं हे मला कळलं असतं तर मी त्यांना पत्र लिहिलं असतं आणि विचारलं असतं, तुम्ही ते 1986 च्या त्या रात्रीसाठी दिलंत, की बाकीच्या बाराशे सामन्यांसाठी?